झाडावरचं काळं

ऑक्टोबरातला पहिला रविवार. बाबा टेबलाशी बसून पोहे खात होते आणि मी त्यांच्या नखांकडे पाहत होते. नखांच्या कडेला काळं बसलं होतं.

“हात धुतले नाहीत का?”

“दोनदा धुतले. पॉलिश आहे ते.”

दर रविवारी सकाळी बाबा घरातले सगळे बूट पॉलिश करत. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, लीड्समधल्या एका ग्रंथालयात नोकरीला, तरी माझेही बूट तेच करत. त्यांच्या गावात, भंडाऱ्याकडे, त्यांच्या आजोबांना पायात वहाणा घालून पाटलाच्या दारावरून जाता येत नसे. त्यामुळे आमच्या घरात बुटांवरून विनोद होत नसत. मी नखांचा विषय सोडला.

ते खोकले. बशी बाजूला सरकवून, तोंडावर रुमाल धरून, बराच वेळ.

“किती दिवस झाले याला?”

“सीझन बदलतो आहे. तू डॉक्टरकी करू नको. पुस्तकं सांभाळ.” मग रुमालाची घडी घालत म्हणाले, “जाताना त्या हार्डवेअरच्या दुकानात थांब. कडक ब्रश घ्यायचा आहे. लांब दांड्याचा.”

“कशाला?”

“विहारात लागतो.”

आमचा विहार म्हणजे लाल विटांचं, घरांच्या सलग ओळीतलं एक जुनं टेरेस हाऊस. तीस-पस्तीस कुटुंबांनी वर्गणी काढून घेतलेलं. खाली हॉल, वर भन्ते आले तर त्यांची खोली, मागे अंगण, आणि अंगणात एक मोठा सिकमोर. सिकमोर मेपलच्याच कुळातला. पान पंजासारखं, पाच टोकांचं. पिंपळ या हवेत तगत नाही. बाबांनी दोनदा रोप आणून, खिडकीत ठेवून, पाहिलं होतं. मग एका रविवारी त्यांनी सिकमोरचं गळलेलं पान मुलांसमोर धरलं आणि एकेका टोकावर बोट ठेवत पंचशील शिकवलं. तेव्हापासून इथे जन्मलेली आमची मुलं पानावर शीलं मोजतात. पाचव्या शीलाशी, दारूच्या, ती हमखास मोठ्यांकडे बघून हसतात.

माझी आई, लीलावती, शेवटच्या उन्हाळ्यात याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. त्याला बारा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी कमिटीला अंगणात पार्किंग हवं होतं. झाड पाडायचा ठराव आला तेव्हा बाबा दीड तास उभे राहून बोलले. झाड वाचलं, पण तडजोड म्हणून थेट बुंध्यापर्यंत फरशी बसली. मुळांना श्वास घ्यायला वीतभर जागा उरली नाही. पुढच्याच वर्षी तो चाळीस डिग्रीचा उन्हाळा आला, आणि यंदाचा हा दुसरा, पावसाविना गेलेला.

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा सेक्रेटरी उदयकाका हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. बाबांच्या हातातला ब्रश पाहून म्हणाले, “जय भीम, पद्माकरराव. आज भाषण नाही वाटतं, डायरेक्ट अ‍ॅक्शन?”

“तुमच्या कमिटीला भाषण कळत नाही, म्हणून.”

बाबा माझ्याआधी अंगणात गेले. मी मागून गेले तर ते झाडाला पाठ करून उभे होते, हात मागे, जणू फोटो काढायचा आहे.

“तू आत जा. चहा ठेव.”

“झाडाजवळ थांबू नका बाबा. गांधीलमाश्या आहेत.”

“माहीत आहे. तू जा.”

त्यांच्या खांद्यावरून मला खोड दिसलं. खालचा काळा डाग जूनपेक्षा फिका वाटला. मला हायसं वाटलं. मी आत जाऊन चहा ठेवला.

गांधीलमाश्या नव्हत्या. ती थाप मी मारली होती, जूनमध्ये.

जूनमध्ये मला शेंड्याकडची पानं मरगळलेली दिसली. भर उन्हाळ्यात वरच्या फांद्या उघड्या पडत होत्या. खाली खोडावर, माझ्या कमरेच्या उंचीला, साल फोडासारखी फुगली होती. एक तुकडा आपोआप सुटला, आणि आत काजळी. जळाल्याची नाही, मऊ, दाट, कोरडी भुकटी, चुलीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं साठते तशी. मी हात लावला नाही. फोटो काढला आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. चाळीस मिनिटांत सगळं कळलं.

सिकमोर आणि मेपलला होणारा बुरशीचा रोग. बुरशी झाडात वर्षानुवर्षं गुपचूप असते. उन्हाळे कडक गेले, मुळं तहानली, की ती उठते. आधी शेंडा वाळतो, मग सालीला फोड येतात, मग साल पट्ट्यापट्ट्यांनी गळते आणि खालची काळी भुकटी वाऱ्यावर जाते. ती भुकटी म्हणजे बुरशीची बीजं. झाड वाचवायचं तर उन्हाळ्यात मुळाशी पाणी, भोवतीची जमीन मोकळी, खोडाला जखम नाही. काळं दिसू लागल्यावर बहुधा उशीर झालेला असतो. शेवटच्या परिच्छेदात माणसांबद्दल होतं. साल सोलू नये. भुकटी झाडू नये. ज्यांची फुफ्फुसं नाजूक आहेत त्यांनी जवळ जाऊ नये.

बाबांनी इथे आल्यावरची पहिली अकरा वर्षं लोकरीच्या गिरणीत काढली होती, रेल्वेत लागायच्या आधी. त्यांच्या इनहेलरचं प्रिस्क्रिप्शन मीच आणत असे.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. रोगाचं नाव निघालं असतं तर कमिटीने पुढच्या आठवड्यात करवत आणली असती, आणि बाबा पुन्हा उभे राहून बोलले असते, आणि या वेळी हरले असते. म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. मग म्हटलं, धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊ दे. तोवर गांधीलमाश्या पुरेशा होत्या. मुलं त्या बाजूला फिरकेनाशी झाली. बाबांनीही मान हलवली. मला वाटलं, झालं.

त्या रविवारी संध्याकाळी त्यांना ताप भरला. सोमवारी सकाळी जिना चढताना ते तिसऱ्या पायरीवर बसले आणि उठेनात. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

रेस्पिरेटरी वॉर्डात त्यांना खिडकीजवळची कॉट मिळाली. पहिले दोन दिवस सगळे चेस्ट इन्फेक्शन म्हणत होते. अँटिबायोटिक चालू होतं, ऑक्सिजनचा आकडा मात्र उतरत होता. तिसऱ्या दिवशी कन्सल्टंट आली, हातात एक्स-रे. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कबुतरं आहेत का? भिंतींना बुरशी? कुजलेलं गवत, लाकडाचा भुसा? मी प्रत्येकाला नाही म्हणाले. सिकमोर मनात आला. पण बाबा त्या झाडाला हात लावत नव्हते, असं मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मास्क जरा वर उचलला आणि मला जवळ बोलावलं.

“सुनी, एक सांगतो. उदयला सांगितलं आहे. तू कुठे बोलू नको.”

“काय?”

“झाडाला कुणीतरी काळं फासलं होतं.”

मी खुर्ची कॉटजवळ ओढली.

“सप्टेंबरात पाहिलं. बुंध्याला, हे एवढं. पुसलं. दुसऱ्या दिवशी परत.” ते मास्क लावत, चार श्वास घेत, पुन्हा उचलत. “रोज पहिल्या बसने जायचो, तू झोपेत असताना. मुलं यायच्या आत पुसून काढायचं. रोज पुसायचो, रोज परत काळं. एक दिवस अंधारातच जाऊन थांबलो. धरावं म्हटलं कोण आहे तो. कुणी आलं नाही. उजाडल्यावर बघतो, तर काळं.”

“कशाने पुसायचात?”

“आधी फडक्याने. मग ब्रश. कोरडाच बरा पडतो, ओल्याने पसरतं.” त्यांना वाटलं मी कामाची माहिती विचारते आहे. “गांधीलमाश्या नाहीत तिथे. तुला कुणी सांगितलं?”

मी त्यांची चादर सारखी केली. ते छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गावी आमच्या वस्तीत बाबासाहेबांची तसबीर होती. समाजमंदिरात. मी लहान असताना तिला काळं फासलं होतं कुणी. माझ्या बापानं अंगातला सदरा काढून काच पुसली. आम्ही पोरं शाळेला निघालो तेव्हा लख्ख. मला तीस वर्षांनी कळलं.” मास्क. श्वास. “पोरांना दिसू नये. एवढंच. शेहेचाळीस वर्षं झाली इथे, सुनी. इथे असं होईल असं वाटलं नव्हतं.”

त्यांचा हात माझ्या हातात होता. नर्सने दोनदा धुऊनही नखांच्या कडा काळ्याच होत्या.

“पाणी आणते,” म्हणून मी उठले आणि कॉरिडॉरमध्ये कन्सल्टंटला गाठलं. तिला सगळं सांगितलं. झाड, रोगाचं नाव, फोटो, किती दिवस, कोरडा ब्रश, गिरणी. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं. तिने मला एकदाही दोष दिला नाही. फक्त विचारलं, “तुम्हाला हे झाडाचं आधीपासून माहीत होतं?” मी हो म्हणाले. तिने ते लिहून घेतलं.

औषधं बदलली. स्टिरॉइडने एक दिवस बरं वाटलं. त्या दिवशी त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि तो चहा नसल्याचं नर्सला सांगितलं. मी त्यांच्या उशाशी बसले होते. खिडकीबाहेर कार पार्क होता आणि त्याच्या कडेला ओळीने झाडं. ते त्यांच्याकडे पाहत होते.

“शेजारचा म्हातारा असेल,” ते म्हणाले. “पानं पडतात म्हणून दोनदा तक्रार केली होती त्याने. पण तसा वाटत नाही. मला गुड मॉर्निंग करतो.”

“बाबा.”

“हं?”

“कुणी केलंच नसेल.”

“मग आपोआप आलं?” मास्कच्या आत ते थोडेसे हसले.

तिथे हो म्हणायचं होतं. एवढाच शब्द. पण त्यापाठोपाठ त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. आणि त्यानंतर, केव्हापासून. त्यांना मी ओळखत होते. त्यांनी तारीख विचारली असती. जून म्हणावं लागलं असतं. सप्टेंबर नव्हे, जून.

“पडा थोडा वेळ,” मी म्हणाले.

नवव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ते गेले. शेवटचे दोन दिवस ते बोलले नाहीत. जे समजून होते तेच समजून गेले.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठरला. त्याआधीच्या शुक्रवारी, विहार बंद असताना, मी एका ट्री सर्जनला, झाडं तपासणाऱ्या आणि पाडणाऱ्या माणसाला, बोलावून घेतलं. तो झाडापासून पंधरा फुटांवर थांबला आणि तिथूनच म्हणाला की त्याला पुढे यायची गरज नाही. पावसाळी दिवशी, साल ओली असताना, मास्क लावून पाडावं लागेल. तोवर कुणी जवळ जायचं नाही. कुंपणाकडे दोन लहान मेपल आहेत, त्यांच्याकडे त्याने बोट दाखवलं. त्यांच्या भोवतीची फरशी काढा, पालापाचोळा घाला, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, छाटणीची हत्यारं आधी जंतुनाशकाने पुसा. ते वाचतील. मोठ्याला तीन-चार वर्षांपूर्वी पाणी मिळालं असतं, तर सांगता येत नाही. त्याने झाडाभोवती पिवळी टेप लावली. निघताना विचारलं, “हे कुणी घासलंय का?”

“माझ्या वडिलांनी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टेपची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

मी उदयकाकांना ईमेल लिहायला घेतली. दोन ओळी लिहून पुसल्या. म्हटलं, कार्यक्रम होऊ दे.

रविवारी मी विहारात पोचले तेव्हा अंगणाचं दार उघडं होतं. पिवळी टेप गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली होती. दाराशी दोन बादल्या, आणि त्यांत ब्रश. नवे, लाकडी दांड्यांचे, पंचवीस तरी असतील.

“आलीस?” उदयकाका पुढे आले. डोळे सुजलेले होते. “तू पोलिसांना बोलावलंस ना? टेप पाहिली. बरं केलंस. मी पण कंप्लेंट लिहिली आहे. आज सगळ्यांसमोर वाचणार आहे.”

“काका, ती टेप पोलिसांची नाही.”

“कुणाची का असेना. ऐक. पद्माकररावांनी मला बोलू नको म्हटलं होतं, मी बोललो नाही. पण आता बोलणार. त्यांनी एकट्याने पुसलं, लपून पुसलं. आपण लपून नाही पुसायचं. वंदना झाली की सगळे बाहेर जाऊ. प्रत्येकाच्या हातात एक ब्रश. ती सगळी काळी साल सोलून काढायची आणि खाली गेरू-चुना लावायचा, आपल्याकडे लावतात तसा. शेजारचा तो बघू दे खिडकीतून.”

“मुलं पण?”

“मुलं आधी. त्यांच्यासाठीच तर केलं ना तुझ्या बापानं.”

त्यांची नात ईशिता, सात वर्षांची, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, बादलीतून ब्रश निवडत होती. “सुनी आंटी, ही ब्रश माझी आहे. आजोबाचा झाड मी क्लीन करणार. गांधीलमाशी गेला ना?”

मागे अंगणात वारा होता. झाडाच्या उघड्या बाजूने, जिथे बाबांनी घासून घासून लाकूड दाखवलं होतं, तिथून सालीची एक पट्टी सुटून फरशीवर पडली. पडली तिथे धूर उठावा तसं काहीतरी उठलं आणि विरलं. मी अंगणाचं दार लावून घेतलं. कडी घातली.

“बंद कशाला केलंस?” उदयकाकांनी विचारलं.

“थंडी येते आहे.”

हे म्हणतानाच मला ऐकू आलं. पाणी आणते. पडा थोडा वेळ. थंडी येते आहे.

हॉल भरला होता. पुढे टेबलावर बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली बाबांचा फोटो, रिटायरमेंटच्या दिवशीचा, रेल्वेच्या टायसकट. भन्तेंनी त्रिशरण आणि पंचशील दिलं. मुलांच्या हातात सिकमोरची वाळलेली पानं होती, आधीच्या वर्षांची, पुस्तकांत दाबून ठेवलेली. एकेका शीलाला एकेका टोकावर बोट जात होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ईशिताने करंगळीशेजारचं टोक धरलं. पाण्याचं भांडं माझ्या हातात आलं. मी ते ओतलं, भरून वाहेपर्यंत, जसं सांगितलं तसं.

मग उदयकाका उभे राहिले, खिशातून कागद काढला, चष्मा लावला. “पद्माकर मेश्राम आजारी पडून गेले असं आपण समजतो,” ते म्हणाले. “पण त्याआधी या विहारात काय घडलं ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. मग आपण सगळे मिळून एक काम करणार आहोत. आधी सुनीतीने दोन शब्द बोलावेत.”

मी दोन शब्द लिहून आणले होते. वडील, शिस्त, बूट. तो कागद मी पर्समध्येच ठेवला. दाराजवळच्या बादल्या मला दिसत होत्या, आणि ईशिताच्या मांडीवर आडवा ठेवलेला तिचा ब्रश.

“काका, तो कागद वाचू नका,” मी म्हणाले. “आणि ब्रश परत बादलीत ठेवा. सगळ्यांनी. ईशिता, तूसुद्धा. मागचं दार आज कुणी उघडायचं नाही. ते झाड आजारी आहे, आणि त्याची काळी भुकटी श्वासात गेली तर माणूस आजारी पडतो. बाबा त्यानेच गेले. शेजाऱ्याने काही केलेलं नाही.”

कुणीतरी काहीतरी विचारलं. उदयकाका “म्हणजे?” म्हणाले. मी त्यांच्याकडे वळले नाही. मी फोटोकडे वळले, कारण हे त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि मराठीत राहिलं होतं.

“बाबा, कुणी काळं फासलं नव्हतं. ती बुरशी होती, आपोआप आली होती. मला जूनपासून माहीत होतं. गांधीलमाश्या नव्हत्या. मी तुम्हाला सांगितलं नाही.”